पाठीमागचा हात

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळा सुटलेली पोरं दप्तरांसकट तिथेच आली होती, कॉलेजची पोरं कठड्यांवर चढून बसली होती, आणि त्यांच्या मागे काही आईबापही मोबाइल उंच धरून उभे होते. मधोमध एक निळा ट्रक होता. त्याची एक बाजू उघडून व्यासपीठ केलं होतं आणि त्यावर निळ्या बाटल्यांची भिंत रचली होती. स्पीकर असा दणदणत होता, की ज्याला त्याला वाटावं, धडधडतंय ते आपलंच काळीज.

मग तुफान आला. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याचं त्याला तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे. मोबाइलवर दंड फुगवून दाखवायचे हा त्याचा उद्योग, आणि ते बघायला जमलेल्या पोरांना ‘धमक’ नावाचं पेय विकायचं हा त्यामागचा खरा उद्योग. त्याने नुसता हात वर केला आणि मैदान किंचाळलं.

“मित्रांनो, सकाळी अंग जड वाटतं?”

“हो!”

“वर्गात डोळे मिटतात?”

“हो!”

“कारण तुमच्या पेशी उपाशी आहेत! पेशी झोपल्यात म्हणून तुम्ही झोपता! धमक पेशीला काय म्हणते?”

“ऊठ!” अख्खं मैदान ओरडलं.

रात्र रात्र मोबाइल चोळत बसलेल्या पोराचे डोळे वर्गात मिटणार नाहीत तर काय होईल? पण हा प्रश्न पडायला माणूस शुद्धीवर असावा लागतो. त्या गर्दीत शुद्धीवर असलेला माणूस बहुधा एकच होता. सगळ्यांच्या मागे, नळाच्या कट्ट्याला टेकून शाळेचे विज्ञानाचे मास्तर उभे होते. त्यांचं लक्ष तुफानकडे नव्हतंच. त्याच्या शेजारी निळा टी-शर्ट घालून जो उंच, किडकिडीत पोरगा उभा होता, त्याच्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. तो त्यांचा थोरला मुलगा होता, धमकच्या शिबिरात तयार झालेला तुफानचा ‘कॅप्टन’.

थोरला धावपटू. लहानपणी कोपऱ्यावरून पाव आणायला पाठवला तरी धावत जायचा आणि धावत यायचा. येत्या रविवारी संघाच्या निवडीची शर्यत होती. पण काही दिवसांपूर्वी सरावात तो छाती धरून धावपट्टीवरच खाली बसला. डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख काढला आणि विचारलं, “ही निळी बाटली रोज किती पितोस?” थोरल्याने सांगितलं ते धादांत खोटं होतं, आणि त्या खोट्यानेही बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ठोके चुकताहेत,” त्या म्हणाल्या. “हे आजपासून बंद. ठोके सुधारल्याशिवाय धावायचं नाही. हे पिऊन शर्यतीत उतरलास आणि धावता धावता बिघडलं, तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळणार नाही.”

थोरल्याने मान हलवली आणि घरी येऊन बाटल्या बुटांच्या खोक्यात लपवल्या. आईने त्या शोधून ओतून दिल्या, तर दुसऱ्या दिवशी गादीखाली नव्या आल्या. मास्तरांनी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, शेवटी पोरासमोर हात जोडले. जगाच्या पोरांना ते हृदयाचे कप्पे शिकवत होते, आणि स्वतःच्या पोराच्या हृदयापुढे त्यांनी हात टेकले होते. जेवण गिळवत नव्हतं. पोरगा झोपला की ते त्याच्या उशाशी जाऊन श्वास चालू आहे ना, ते बघून यायचे.

व्यासपीठावर चमत्कार सुरू झाला. वजनं उचलणारा एक दांडगा तरुण पुढे आला. तुफानने त्याला पाय जोडून उभं केलं आणि हात पाठीमागे एकमेकांत गुंफायला लावले. “आता आपला कॅप्टन!” तो गरजला. थोरला पहिलवानाच्या मागे गेला, त्याच्या गुंफलेल्या हातांवर मूठ ठेवली आणि दाबली. पहिलवान पोतं कलंडावं तसा मागे कोलमडला. पोरं खदाखदा हसली. मग त्याला धमकचा एक घोट पाजला आणि पुन्हा तसंच उभं केलं. या वेळी थोरला त्या हातांवर अक्षरशः लोंबकळला, पाय जमिनीवरून उचलून लोंबकळला, तरी पहिलवान तसूभर हलला नाही.

लोकांनी तोंडात बोटं घातली. “एका घोटात!” तुफान ओरडला. “मशीन नाही, वायर नाही, नुसती धमक!”

मास्तरांना राहवलं नाही. गर्दीतून वाट काढत ते पुढे गेले. “थांबा! एकाला साधं पाणी द्या, एकाला हे द्या. कुणाला काय दिलंय ते कुणालाच सांगू नका. मग करून दाखवा!”

तुफान माइक तोंडाशी धरून पुढे झाला. “अरे वा, काका आलेत! कॅप्टनचे बाबा ना तुम्ही? विज्ञान शिकवता ना? मग दुसऱ्यावर कशाला, स्वतःवरच बघा की! मित्रांनो, काकांना वर आणायचं ना?”

पोरांनी मास्तरांना जवळजवळ उचलूनच वर नेलं. आता माघार घेतली असती तर पळपुटे ठरले असते. ते पाय जोडून, हात पाठीमागे गुंफून उभे राहिले. हातांवर थोरल्याची मूठ आली, आणि काही कळायच्या आत मास्तर मागे कलंडले. त्यांना त्यांच्याच मुलाने झेललं. तुफानने बाटली पुढे केली. त्या गोड, औषधी चवीच्या पाण्याचा त्यांनी एक घोट घेतला. पुन्हा मूठ आली, पुन्हा दाब आला. मुलाचं सगळं वजन हातांवर आलं, खांदे ओढले गेले, पण मास्तर पडले नाहीत. पडावं म्हणून अंग सैल सोडलं तरी पडले नाहीत.

“विज्ञान हरलं, धमक जिंकली!” तुफानने त्यांचा हात वर केला. शेकडो मोबाइल त्यांच्यावर रोखलेले होते. मास्तर मान खाली घालून उतरले. लाज तर वाटत होतीच, पण त्याहून भयंकर गोष्ट मनात शिरली होती. आपण पडलो नाही, हे खरं होतं. का पडलो नाही, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी घरी थोरला बाटली टेबलावर ठेवून समोर उभा राहिला. आता लपवायची गरज उरली नव्हती.

“आता तरी पटलं ना बाबा? तुम्ही स्वतः अनुभवलंत.”

“अरे, मला नाही सांगता येत ते कसं झालं. पण म्हणून ते खरं ठरत नाही. तुझ्या छातीचा आलेख खोटा आहे का?”

“डॉक्टरांना काय, सगळंच बंद करायचं असतं. याच्याशिवाय मी काहीच नाहीये बाबा. कळत कसं नाही तुम्हाला? याच्याशिवाय पाय उचलत नाहीत माझे!”

“त्यालाच तर सवय लागणं म्हणतात!” आई आतून म्हणाली. ती नुकतीच चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली होती आणि खांद्यावरची पिशवीही तिने अजून काढली नव्हती. “तुझ्या पाया पडू का मी? सांग, पडू का?” आणि ती खरंच खाली वाकली. थोरला मागे सरकला. त्याचा चेहरा रडवेला झाला, पण बाटलीवरचा हात काही निघाला नाही.

मास्तर खुर्चीत मटकन बसले. रविवारी हा पोरगा धावणार आणि आपण काठावर उभं राहून बघणार. त्यांना दुसरं काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून चिमणी आली. चिमणी म्हणजे धाकटी, तिसरीतली. जिन्यात खेळून खेळून घामाघूम झालेली. घरात काय चाललंय याचा तिला पत्ताच नव्हता.

“बाबा, उभे राहा ना. मी तुम्हाला पाडू? मी सगळ्यांना पाडलं आज! वरच्या काकूंना पण पाडलं!”

“चिमणे, आता नको गं,” आई म्हणाली.

“एकदाच! दादासारखं करते.”

मास्तर उठले ते तिला नाही म्हणायचं त्राण नव्हतं म्हणून. हात मागे गुंफले. त्या एवढ्याशा पोरीने मूठ ठेवून दाबलं आणि मास्तर धाडकन खुर्चीत पडले.

“आता पाणी प्या!” तिने नळाचं पाणी भरून आणलं. “हे धमक आहे असं समजायचं.”

मास्तरांनी एक घोट घेतला आणि पुन्हा उभे राहिले. चिमणी हातांना लोंबकळली. मास्तर खांबासारखे उभे.

मास्तरांनी वळून विचारलं, “बाळा, हे साधं पाणी होतं ना?”

“हो. पाणी नसलं तरी होतं. जिन्यात कुठे असतं पाणी?”

“मग मी आधी पडलो आणि नंतर का नाही पडलो?”

एवढं साधं यांना कसं कळत नाही, अशा नजरेने तिने बापाकडे पाहिलं. “पहिल्यांदा मागे दाबायचं, आपल्याकडे. दुसऱ्यांदा खाली दाबायचं, तुमच्या टाचांकडे. दादानेच तर शिकवलं मला!”

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

“शिबिरात तसंच शिकवतात,” तो पुटपुटला. “पहिल्यांदा मूठ स्वतःकडे ओढायची, कमजोरी दिसावी म्हणून. दुसऱ्यांदा सरळ टाचांकडे, ताकद तपासायला. मला वाटलं... पद्धतच असते तशी.”

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. केवढी साधी गोष्ट! पाय जोडलेल्या माणसाला टेकायला जागा असते ती पावलांपुरती. हातांवरचा दाब जरा मागे गेला, की तोल टाचांच्या मागे जातो आणि पहिलवानसुद्धा आडवा होतो. तोच दाब टाचांवर आला, की सगळं वजन सरळ पायांवर पडतं. मग पडणार कुठून? मागचा हात उभ्या माणसाला दिसत नाही, आणि बघणाऱ्याचे डोळे बाटलीवर खिळलेले असतात. एवढीच ती धमक. वर्षानुवर्षं फळ्यावर तोल शिकवणाऱ्या मास्तरांना भर मैदानात शेंडी लागली, कारण तेही बाटलीकडेच बघत होते.

“करून बघ,” ते म्हणाले. “बाटली बाजूला ठेव आणि कर.”

थोरल्याने केलं. बापाला पाडलं, मग बापाला लोंबकळला. पुन्हा पाडलं, पुन्हा लोंबकळला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. “मीच करत होतो बाबा. माझ्याच हातांनी करत होतो आणि माझाच विश्वास बसला होता.”

“पण मला पिऊन तरतरी येते, ते?” डोळे पुसत त्याने विचारलं.

“येते ना. ती कॅफिनची. त्याने थकवा जात नाही, थकलोय हे तेवढ्यापुरतं कळेनासं होतं. घोडा दमलाय, त्याला चाबूक मारलाय. घोडा तूच आहेस रे. धावलास तोही तूच.”

थोरल्याने बाटली स्वतःच मोरीत ओतली. आईने त्याला छातीशी धरलं, पण तिच्या डोळ्यांतली भीती गेली नव्हती. चाबूक टाकला म्हणून घोडा लगेच बरा होत नाही.

आणि झालंही तसंच. शनिवारी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आलेख काढला आणि मान हलवली. ठोके अजून चुकत होते. रविवारची शर्यत गेली. पुढे कधी धावता येईल, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

रविवारी सकाळी थोरला तरीही मैदानावर गेला. मास्तर त्याच्या मागे मागे होते. धावपट्टीवर त्याच्याबरोबरीची पोरं अंग मोकळं करत होती, आणि फाटकापाशी निळा ट्रक उभा होता. रांगेत शाळकरी पोरं होती. त्यांतल्या कितीतरी जणांना थोरल्यानेच आणलं होतं.

त्याने ओरडून सांगायचा प्रयत्न केला, पण स्पीकरपुढे त्याचं काय चालणार? “कॅप्टन आज फॉर्मात नाही वाटतं!” तुफान माइकवर हसला. मग थोरल्याने बोलणं सोडलं. रांगेतल्या एका पोराला धरलं, हात मागे गुंफायला लावले आणि पाडलं. “काही प्यायलास?” “नाही.” पुन्हा उभं केलं आणि त्याच्या हातांना लोंबकळला. पोरगा पडला नाही. “आता तू कर, माझ्यावर. मूठ आधी स्वतःकडे, मग टाचांकडे.”

पोराने केलं. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. रांग मोडली आणि पोरं एकमेकांना पाडायला लागली, हसायला लागली. सगळी नाही. बरीचशी तुफानकडेच वळली. पण एक मुलगा हातात बाटली धरून तिथेच घुटमळला.

“म्हणजे यात काहीच नाहीये?” त्याने विचारलं.

“आहे की,” थोरला म्हणाला आणि मनगट पुढे केलं. “इथे बोट ठेव. दाबून.”

पोराने बोट ठेवलं. ठोका लागला, ठोका लागला, आणि मग काहीच लागलं नाही. पोराचं तोंड उतरलं. त्याने घाबरून थोरल्याकडे पाहिलं. मग दोन ठोके घाईघाईने आले, तसं त्याने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं.

“हे यातलं आहे,” थोरला म्हणाला. त्याच वेळी मागे शर्यतीचा इशारा झाला आणि धावपट्टीवर पावलं वाजली. त्याने वळून पाहिलं नाही.

पोराने बाटली कट्ट्यावर ठेवली. मास्तर मुलाशेजारी येऊन उभे राहिले. वर्गात सांगतात तसंच त्यांनी त्या पोरांना सांगितलं. “कुणी चमत्कार दाखवला, तर त्याच्या हातातल्या बाटलीकडे बघू नका रे. दुसरा हात काय करतोय ते बघा. तेच साध्या पाण्यावर करून दाखव म्हणा. आणि ज्याला प्रश्न विचारल्यावर राग येतो किंवा हसू येतं, त्याच्याकडून काहीही घेऊ नका. हे मी आधी बघायला हवं होतं. तुम्ही तरी वेळेत बघा.”