गंड्याखालचा पट्टा

बार्शीटाकळीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर एक हात हळूहळू उठत होता. शेजारी खुर्चीत बसलेल्या इंदूबाई तोच हात डोळ्यांवरच्या जाड काळ्या चष्म्यात पाहत होत्या आणि हुंदके देत होत्या. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला होता, आणि आता तो मूठ वळताना दिसत होता.

"पाह्य माय, हा तुह्या आत्म्याचा हात हाय," पुंजाराम महाराज म्हणाले. "हा उठला की हाडामासाचा आपसूक उठते. तुह्यं दुखणं म्या माह्या हाताले गंडा बांधून अंगावर घेतलं. आता डॉक्टराच्या दारात गेली त माही ताकद वाया जाईन."

आत्म्यालाही हात असतो आणि तो पाहायला चार्जिंगचा चष्मा लागतो, हे ऐकून शिकलेल्या लोकांनीही माना डोलावल्या.

मागे उभ्या असलेल्या देवश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अकोल्यात फिजिओथेरपिस्ट होती. तिच्याकडे इंदूबाईंची बोटं सुटायला लागली होती, आणि ऐन वेळी त्यांनी व्यायाम सोडला होता. का सोडला, ते आता तिला कळलं. शालीखाली झाकलेला त्यांचा खरा हात मांडीवर तसाच पडून होता.

गंडा बांधतात दंडाला किंवा मनगटाला. महाराजांचा होता कोपराखाली, बोटं हलवणाऱ्या स्नायूंवर, आणि चांगला रुंद. नेमका त्याच जागी बांधायचा एक पट्टा तिने शिकताना हाताळला होता.

तिने दारातून दोन नारळ घेतले आणि महाराजांना नारळ द्यायच्या रांगेत ती पहिलीच उभी राहिली. नारळ उजव्या हातानेच घ्यायचा, म्हणून महाराजांचा हात सवयीने पुढे आला. त्यांनी नारळ धरला, तशी पडद्यावरची मूठही आवळली.

"शेंडी तुटलेला दिला महाराज, बदलून देते."

त्यांनी नारळ सोडला, पडद्यावरची मूठ उघडली. दुसरा धरला, पुन्हा आवळली.

"हा त महाराजाचाच हात हाय ना बे," मागून कोणीतरी म्हणालं.

देवश्रीने गंड्याचं कापड ओढलं. आत लुकलुकणारा पट्टा होता. "स्नायू आवळला की कातडीवर बारीक वीज उमटते. हा पट्टा ती टिपतो आणि चष्म्यातला हात हलवतो."

"श्रद्धेचा अपमान करून राहिली तू," महाराज ओरडले. पण कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

इंदूबाईंनी चष्मा काढला. "मंग माहा हात?"

देवश्रीने शाल बाजूला केली. बोटं तळव्यात रुतून बसली होती. तिने एक बोट सरळ करायला घेतलं, तशा इंदूबाई कळवळल्या.

"काहून थांबली मी पोरी?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला थांबवलं, मावशी. उद्या या. पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि आधीइतकं सुटेलच असं मी सांगू शकत नाही."

मग ती लोकांकडे वळली. "यंत्र खोटं नाही. हाच पट्टा मावशींच्या हाताला बांधला असता, तर व्यायामाला मदत झाली असती. याने तो स्वतःच्या हाताला बांधला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. इतक्या लोकांत एकालाही शाल उचलून बघावीशी वाटली नाही? पुन्हा कोणी चमत्कार दाखवला, तर पडद्याकडे पाहू नका. आजाऱ्याकडे पाहा."