कमरेच्या वर

"गेल्या मॅचला ग्रेव्ही पातळ होती," माझ्या मागच्या बाकावरून ऑर्विल कुरकुरला. "पातळ होती म्हणून जिंकलो. आज कोणत्या शहाणीने ती घट्ट केली?"

"मीच ती शहाणी," मी मागे न बघता म्हटलं. "बटाट्यावर भांडी धुतलेलं पाणी ओतलंय, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"तक्रार केली होती, पोरी. बदल कर म्हटलं नव्हतं."

मला नातू आहे, पण ऑर्विलपुढे मी पोरगीच. आणि त्याचं बरोबरच होतं. आइस हॉकीच्या प्लेऑफच्या, म्हणजे कपासाठीच्या शेवटच्या मालिकेच्या दिवसांत आमच्या केस्ट्रेल लेक गावात काहीही बदलायचं नसतं. पुरुष दाढी करत नाहीत, त्यामुळे मार्च संपता संपता चर्चमध्ये पाद्रीबाबांसकट सगळे दरोडेखोर दिसतात. माझा नवरा ग्लेन जिंकलेल्या मॅचचे मोजे धूत नाही. आम्ही तीन मॅच जिंकलो होतो, तेव्हा घरात मी कशी राहते ते विचारू नका. तीन मॅच शेजारच्या डनवुडनेही जिंकल्या होत्या. आज सातवी, शेवटची. जो जिंकेल त्याचा कप, आणि पुढच्या मार्चपर्यंत टोमणे मारायचा हक्कही त्याचाच.

माझ्या शेजारी लेसिया ग्रिन्चुक बसली होती. मायरनची आई. एरवी मायरन धान्याच्या कोठारावर काम करतो. बर्फावर उतरला की आमच्या बचावाची भिंत होतो. लेसियाने कॉफीचा थर्मास मांडीत धरला होता. उघडला मात्र नव्हता.

पाचव्या मॅचमध्ये डनवुडच्या एका रेड्याने मायरनला मागून रिंकच्या कडेच्या फळ्यांवर आपटलं होतं. हेल्मेट काचेवर आदळल्याचा आवाज अगदी वरच्या बाकापर्यंत आला. मायरन उठला, पडला, पुन्हा उठला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्ही फार दिलदार प्रेक्षक आहोत.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर आमचा कोच लायल म्हणाला, "मायरनला कमरेच्या वर दुखापत आहे. तो खेळेल."

प्लेऑफमध्ये एवढंच सांगायचं असतं. कमरेच्या वर, नाहीतर कमरेच्या खाली. नेमकं कुठे ते समोरच्या टीमला कळलं, तर ते नेमके तिथेच मारतात. गुपित राखायचं ते खेळाडूंनी, पण आमच्या गावाला कुठलंही काम मिळून करायची हौस. न्हाव्याला धंदा नव्हता, तरी तोही दुकानाच्या दारात उभा राहून विचारायचा, "लेसिया, पोराचं कमरेच्या वरचं कसं आहे?" ती म्हणायची, "बरं आहे." कमरेच्या वर पोट असतं, छाती असते, खांदे असतात. आम्ही सगळे मानेपर्यंत चढायचो आणि तिथून गुपचूप खाली उतरायचो.

मी तिच्याकडे पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, घेऊन गेले, तेव्हा भर दुपारी स्वयंपाकघराचे पडदे ओढलेले होते.

"त्याला उजेड सोसत नाही," ती म्हणाली.

"डॉक्टरकडे नेलंस का?"

"डॉक्टर बसतो डनवुडला." तिने पिरोगीचं भांडं माझ्या हातून घेतलं. "ग्लेन म्हणाला, मालिका संपू दे. तिथे वेटिंग रूममध्ये कोणीतरी बघायचं."

मी घरी येऊन ग्लेनला त्याच्या मोज्यांसकट बाहेरच्या खोलीत झोपायला पाठवलं. गावाच्या वैद्यकीय सेवेत माझं योगदान एवढंच.

सहाव्या मॅचला मायरन खेळला. जिंकून देणारा गोलही त्यानेच केला, आणि दोन्ही हात वर करून तो सरळ डनवुडच्या बाकाकडे गेला आणि त्यांच्याच कोचला मिठी मारू लागला. मग सर्वांनी मिळून ठरवलं, की त्याने त्यांना चिडवलं.

"काय डोकं आहे पोराचं," ग्लेन म्हणाला आणि जीभ चावून खाली बसला.

आज दोन-दोन अशी बरोबरी होती. तिसरा आणि शेवटचा भाग सुरू होता. मायरन दिव्यांखाली डोळे बारीक करून खेळत होता. चकती त्याच्या काठीला लागली की सापडायची, दूर असली की तो तिला शोधत राहायचा. तरी त्याने दोन वेळा डनवुडचा हल्ला अंगावर घेतला. अंग त्याचं शाबूत होतं, त्याबद्दल वादच नव्हता.

मग चालू खेळात तो वळला, शिक्षा झालेल्या खेळाडूला बसवतात त्या पेनल्टी बॉक्सपाशी गेला, दार उघडून आत शिरला आणि शहाण्या मुलासारखा बसला. पंचांनी त्याला काहीच शिक्षा दिली नव्हती.

रिंकभर हशा पिकला.

"आगाऊ भोगून घेतोय," ऑर्विल म्हणाला. "आता एकाला आपटायची त्याला मुभा."

"प्रामाणिक पोरगा," ग्लेन म्हणाला. "घरचे संस्कार आहेत, लेसिया."

लेसिया हसली नाही. बॉक्सवरच्या माणसाने मायरनला दंडाला धरून बाहेर काढलं आणि आमच्या बाकाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात डनवुडच्या गोलची जाळी जागेवरून निसटली, शिट्टी वाजली, खेळ थांबला. लायलने मायरनच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या फेरीला पुन्हा तोच उतरणार होता.

लेसियाने थर्मास माझ्या हातात कोंबला आणि ती पायऱ्या उतरू लागली. मी तिच्या मागे गेले. आमच्या मागून ग्लेनही आला, कारण कुठे काही होतंय आणि आपण तिथे नाही, हे त्याला सोसत नाही.

खेळाडूंच्या बाकामागे पाण्याच्या बाटल्या द्यायला एक छोटं दार आहे. लेसियाने ते ढकललं.

"लायल, त्याला उतरव."

"जागेवर जा गं. थोडीच मिनिटं उरलीत."

"उतरव म्हणते ना."

"लेसिया, दुखापत सगळ्यांनाच आहे. आपला तो टोकाचा तुटक्या बरगडीने खेळतोय." मग लायलने इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "म्हणजे, कमरेच्या वरचं."

"मायरनचं काय?"

"त्याचंही तेच. त्यालाच विचार की. खेळायचंय ना रे तुला?"

मायरन वळला. हेल्मेटच्या जाळीमागून त्याने लेसियाकडे बघितलं. दुसऱ्याची आई भेटल्यावर चांगल्या घरची पोरं हसतात, तसा तो हसला.

"काकू," तो म्हणाला, "इथे उभं राहू देत नाहीत. तुम्ही वर बसा."

लायलच्या हातातली पाटी खाली आली. बाकावरचे बाकीचे आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघू लागले. सगळ्यांच्या नाड्या एकदम सुटल्या असाव्यात. दोन टीमच्या बाकांमध्ये फक्त एक माणूसभर जागा आहे. पलीकडे डनवुडचे सगळेच्या सगळे माना वळवून ऐकत होते.

"लेसिया," ग्लेन माझ्या खांद्यावरून कुजबुजला, "हळू बोल. ते ऐकतायत."

लेसियाने मायरनच्या हनुवटीखालचा पट्टा दोन्ही हातांनी सोडवला. मग ती वळली, आमच्याकडे नाही, डनवुडकडे.

"डोकं," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या डोक्याला लागलंय."