अकरा मिनिटं

गोडबोल्यावर आत्याचा पहिल्या दिवसापासून संशय होता, कारण तो कधी कंटाळत नसे.

"जो कंटाळत नाही, त्याच्या मनात काहीतरी शिजत असतं," ती म्हणायची.

"अगं, तो माणूस नाहीये आत्या."

"मग तर बघायलाच नको."

हे बोलणं रोज दुपारी व्हायचं, टकळी शाळेतून थेट दुकानात आली की. टकळी म्हणजे आत्याची भाची, चाव्या बनवणाऱ्या दादाची लेक. चावीवाल्याची मुलगी असून हिच्या तोंडाला तेवढं कुलूप नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. आणि गोडबोल्या म्हणजे टकळीने दुकानाच्या नंबरावर बसवलेला एआय. कुणी मेसेज टाकला, चावी हरवली, कुलूप अडकलं, की हा दोन सेकंदांत मधाळ उत्तर द्यायचा, वेळ ठरवायचा आणि पत्ता थेट दादाच्या फोनवर पाठवायचा. फोन उचलून बोलणं, एवढंच काय ते बाकी होतं.

याआधी एकोणीस वर्षं हे काम आत्या करत होती. दुकान चिंचोळं, भिंतभर हुकांना कोऱ्या चाव्या, काउंटरवर पसरलेलं मांजर आणि मांजराच्या शेपटीपाशी आत्याचा फोन. आता फोन गप्प आणि शेजारी टॅबलेट उभा. आत्या त्याच्याकडे नव्या जावेकडे बघावं तशी बघायची.

"जळतेस तू त्याच्यावर," टकळी म्हणाली होती. दादाही मिशीत हसला होता. तेव्हापासून आत्या त्याच्याबद्दल तोंडातून शब्द काढत नव्हती, पण त्याचा प्रत्येक मेसेज वाचत होती. डोळ्यांत तेल घालून.

त्या दुपारी टकळी दप्तर टाकून मांजराचे कान खाजवत होती आणि आत्या टॅबलेटवर बोट सरकवत होती. बोट एका जागी थांबलं.

"हे काय गं? तीन प्रश्न याने सांगून टाकले?"

तीन प्रश्न म्हणजे दादाचा नेम. कुणाचंही बंद दार उघडण्याआधी तो तीन गोष्टी विचारायचा. आत शिरल्यावर समोर काय दिसतं? दिव्याचं बटण कुठल्या हाताला? जमिनीवर काय अंथरलंय? मग दार बोटभर उघडायचं, डोकावून ताडून बघायचं आणि तेव्हाच बाजूला व्हायचं. एकोणीस वर्षांत या दुकानाने भलत्या माणसाला घर उघडून दिलं नव्हतं. आत्या तर हे प्रश्न फोनवरच काढून घ्यायची, गप्पांच्या ओघात, समोरच्याला पत्ता न लागू देता. घरचा माणूस विचार न करता सांगतो. बाहेरचा आधी घसा खाकरतो.

गोडबोल्याने मात्र लिहिलं होतं, 'आपला वेळ वाचावा म्हणून कृपया पुढील तीन उत्तरे तयार ठेवा.' आणि खाली तिन्ही प्रश्न, क्रमांक घालून.

"मीच शिकवलं त्याला," टकळी म्हणाली. "तुमची पद्धत आहे ना ती. बघ, त्या माणसाने उत्तरंही दिलीत. समोर पुस्तकांचं कपाट, बटण डावीकडे, जमिनीवर हिरवी सतरंजी. सगळं व्यवस्थित."

"किती वाजता विचारलं?"

"तीन वाजून चार."

"आणि उत्तर?"

टकळीने वाकून पाहिलं. "तीन पंधरा."

"स्वतःच्या घरात समोर काय आहे हे आठवायला अकरा मिनिटं?"

"जिना चढत असेल. कुणाचा फोन आला असेल. आत्या, तू ना, उगाच राईचा पर्वत करतेस."

आत्याने ऐकलं नाही. ती पत्ता वाचत होती. पाण्याच्या टाकीशेजारची इमारत, तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. हे दार तिच्या ओळखीचं होतं. ती खाली वाकली आणि काउंटरच्या सगळ्यात खालच्या खणातून, रद्दीच्या गठ्ठ्याखालून, एक लाल पुठ्ठ्याची वही तिने बाहेर काढली.

टकळी बघतच राहिली. "ही वही कुठली? तू तर म्हणालीस सगळ्या वह्या दिल्या म्हणून. मी महिनाभर बसून टाइप केल्या."

"ही नव्हती दिली."

"का?"

"नव्हती द्यायची," आत्या म्हणाली. सगळंच त्याला दिलं तर मी उरले कशाला, हे ती मनातल्या मनात म्हणाली.

लाल वहीत गावभरातली नाजूक दारं होती. पान उघडलं. चार महिन्यांपूर्वी लायब्ररीतल्या बाई नवं कुलूप घ्यायला आल्या होत्या. आत्याच्या किरट्या अक्षरात नोंद होती: 'एकट्या राहतात. कुणीही आलं, नवरा म्हणाला तरी, आधी यांना फोन. दुकानात बसवेना, मांजराने डोळे सुजतात.' तेव्हा बाई पायरीवरच उभ्या राहून बोलल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. मांजरामुळेच, असं दोनदा म्हणाल्या होत्या.

मेसेज करणाऱ्याने स्वतःला बाईंचे 'मिस्टर' म्हणवलं होतं. घरमालक, चावी आत राहिली, पत्नी कामावर.

दादाला फोन लावला तर नुसता वाजत राहिला. कुलपाला हात लागला की दादाचा फोन हत्यारांच्या पिशवीत जातो, तो काम संपेपर्यंत बाहेर येत नाही. बाईंना लावला, त्याही उचलेनात. लायब्ररीत फोन गप्प करून ठेवावा लागतो.

"तू बाईंना लावत राहा," आत्या चपला अडकवत म्हणाली. "आणि त्या तुझ्या गोडबोल्याला म्हणावं, तोंडाला आवर घाल."

इमारत दोन गल्ल्या पलीकडे. आत्या धावली असं कुणी म्हणालं तर ती नाकारेल, पण तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. दादा दारापाशी उकिडवा बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, बोटांत तार. शेजारी निळा शर्ट घातलेला एक नीटनेटका माणूस.

"तू इथे कशी?" दादा म्हणाला. "झालंच आहे, एक पिन राहिली."

निळा शर्ट हसला. चांगला हसला. तेवढ्या क्षणात आत्याला वाटलं, टकळीचं खरं असेल तर? बिचारा नवराच असेल, खोळंबलेला, तर माझी शोभा होईल. दादा म्हणेल, बस घरी, तुला गोडबोल्याचं सुख बघवत नाही. मग तिची नजर बाजूच्या भिंतीकडे गेली. तिथे उंचावर घरात उघडणारा झरोका होता, आणि झरोक्याखाली झाडाची कुंडी उपडी पडलेली. कुंडीवर बुटाचा ठसा. आतली माती जमिनीवर, अजून ओली.

अकरा मिनिटं.

पण कुंडी काय, कुणीही पाडली असेल. आत्याने श्वास घेतला आणि फोनवर बोलायची तशी, अगदी सहज, म्हणाली, "दादा, दार जपून उघड हं. यांचं मांजर पळतं बाहेर. मागच्या वेळी बाईंनी किती शोधलं होतं."

दादाने मान वर केली. त्याला काहीच माहीत नव्हतं, पण बहिणीचा हा आवाज त्याने एकोणीस वर्षं ऐकला होता.

"हो, हो," निळा शर्ट म्हणाला. "मी धरतो ना. मला ओळखतं ते."

"रंग कुठला त्याचा?"

त्याने घसा खाकरला. "पांढरं. म्हणजे, पांढरंच म्हणायचं."

आत्याने दादाकडे बघून नकारार्थी मान हलवली. मांजराने डोळे सुजणाऱ्या बाईंकडे मांजर कुठलं? दादाने तार अलगद बाहेर काढली, कापडात गुंडाळली आणि उभा राहिला.

"साहेब, बाईंना फोन लावा. त्या हो म्हणाल्या की लगेच उघडतो."

"माझ्याच घरासाठी मी परवानगी मागू? वेळ तुमच्याच दुकानाने दिली. सगळी उत्तरं बरोबर दिलीत मी."

"उत्तरं बरोबर आहेत," दादा म्हणाला. "फोन लावा."

तो माणूस खिशात हात घालून जिना उतरला, घाई न करता. वळणावर थांबून त्याने आत्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. ते पाहणं तिला आवडलं नाही.

बाईंचा फोन दुकानात परतल्यावर लागला. आत्याने झालेलं सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, "निळा शर्ट होता का?" आणि आज मैत्रिणीकडे राहते, म्हणाल्या.

टकळीचा चेहरा उतरला होता. "मी शिकवलं नसतं तर..."

"आणि मी वही दिली असती तर," आत्या म्हणाली. दादासमोर हे म्हणणं तिला जड गेलं. "रद्दीखाली ठेवली होती मी. मुद्दाम."

दादाने मांजराला उचलून स्टुलावर ठेवलं आणि काउंटरवर आत्याच्या कोपरापुरती जागा केली.

"मग आता देऊया का त्याला वही?" टकळीने हळूच विचारलं.

"एकच पान दे. आणि मग तूच परकी हो नि विचार त्याला."

टकळीने बाईंचं पान टाइप केलं. मग स्वतःच्या फोनवरून मेसेज केला, 'टाकीशेजारी तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडून हवंय, काही अडचण नाही ना?'

दोन सेकंदांत उत्तर आलं. 'नमस्कार! आपल्या सेवेत आनंदच आहे. मात्र त्या घरी बाई एकट्या राहत असल्याने आधी त्यांना फोन करावा लागेल.'

टकळीने ते मोठ्याने वाचलं आणि 'एकट्या' या शब्दाशी अडखळली.

"बघितलंस," आत्या म्हणाली, पण तिला त्यात काडीचाही आनंद झाला नाही.

टकळीने ते पान पुसलं, तिन्ही प्रश्नही पुसले. गोडबोल्याकडे दुकानाची वेळ आणि चाव्यांचे प्रकार उरले. दार उघडायचं असेल तर फोन करा, आत्याच्या नंबरावर.

साडेपाचला फोन वाजला. एक बाई, रडवेल्या आवाजात, चावी आत राहिली, पोरं शाळेतून येतील. आत्याने लाल वही जवळ ओढली. या बाईचं दार तिथे नव्हतं. जुने तीन प्रश्न आता त्या निळ्या शर्टालाही पाठ होते, तेव्हा ते तिने विचारलेच नाहीत.

"निघेल हो वाट," ती म्हणाली. "तुमचं मांजर उपाशी असेल ना आत?"

"मांजर?" बाई रडायची थांबली. "आमच्याकडे कुठलं मांजर? कासव आहे. तेही बाथरूममध्ये."

घसा खाकरला नव्हता. आत्याने दादाकडे बघून होकारार्थी मान हलवली. त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि फोन या वेळी शर्टाच्या खिशात ठेवला.