गोळीच्या ओळीतले हिरवे चौकोन

बासिलिओंच्या फ्रिजवर तक्ता लावायची कल्पना माझीच होती. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे आधी सांगते.

बासिलिओ माझे शेजारी. आयुष्यभर त्यांनी आमच्या इता गावात मातीची भांडी भाजली. सप्टेंबरात त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. हात सावरला, तोंडाची डावी बाजू मात्र जराशी ओघळलेलीच राहिली. घरात ते आणि दहा वर्षांची नात मिर्ना. मिर्नाची आई सेल्वा सीमेपलीकडे ब्वेनोस आयरेसला लोकांची घरं साफ करते. डिसेंबरात तिने फोनवर सांगून टाकलं, "फेब्रुवारीपर्यंत बाबांचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आलं नाही तर मिर्नाला मी इकडे आणणार. बाबा मावशीकडे राहतील. आजारी माणसाच्या भरवशावर पोर कशी ठेवू?"

मिर्ना रडत माझ्याकडे आली. चाळीस वर्षं मुलांना शिकवून मला एवढं कळलंय, की रडणाऱ्या मुलाच्या हाताला काम द्यावं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही चौकोन आखले. गोळी, पाणी, चालणं, बिनमिठाचं जेवण आणि झोप अशा पाच ओळी. "गोष्ट झाली की मगच चौकोन रंगवायचा," मी बजावलं. दर रविवारी तक्त्याचा फोटो आईला पाठवायचा, असं ठरलं.

मिर्ना भारी कडक निघाली.

"आजोबा, चाललात का?"

"चाललो की. फाटकापर्यंत."

"फाटकापर्यंत म्हणजे चालणं नाही. चर्चपर्यंत जाऊन या."

"बाई," बासिलिओ कुंपणापलीकडून ओरडले, "तुम्ही हिला शाळेत शिकवलंत की पोलिसात भरती केलंत?"

जानेवारीत तक्ता हिरवागार झाला. ब्लडप्रेशर मात्र उतरेना. आरोग्य केंद्रातल्या नर्सने विचारलं, "गोळी रोज घेता ना?" मिर्नाने तक्ताच पुढे केला. एकही चौकोन रिकामा नव्हता. मग डॉक्टरांनी जास्त ताकदीची गोळी लिहून दिली.

त्यानंतरच्या आठवड्यात मला चक्कर येऊ लागली. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा, त्यात वय झालंय, असं म्हणून मी सोडून दिलं. मिर्नाही भरदुपारी पेंगायची. सुट्टीचा आळस असेल, असं वाटलं.

रोज सकाळी दहाला आम्ही त्यांच्या आंब्याखाली तेरेरे, म्हणजे आमचा बर्फगार चहा, प्यायला बसतो. बासिलिओ औषधी पाला खलात कुटतात, बर्फाच्या पाण्याच्या तांब्यात टाकतात आणि ते पाणी शिंगाच्या पेल्यातल्या पत्तीवर ओततात. पेला एक, नळी एक, हातोहात फिरते. सुट्टीत मिर्नाही असते. पेला परत देताना कोणी आभार मानले की समजायचं, त्याला आता नको.

त्या मंगळवारी पहिल्याच पेल्यानंतर मी आभार मानले.

बासिलिओ बघतच राहिले. "वीस वर्षांत पहिल्यांदा! काय झालं? नळीत खोकलो की काय मी?"

"गरगरतंय हो," म्हणत मी टेबलाला धरून उभी राहिले. खल समोरच होता. हिरव्या चोथ्याखाली, तळाशी, पांढरी भुकटी चिकटलेली दिसली.

"हे काय?"

त्यांनी खल स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "गोळी. गिळता येत नाही मला. झटका आल्यापासून. घशात अडकते, ठसका लागतो, जीव जातोय असं वाटतं. कुटून पाण्यात घातली की जाते."

"आणि हे कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर सेल्वाच्या कानावर गेलं असतं. पण खोटं नाही वागलो, बाई. रोज कुटली, रोज प्यायलो, मगच पोरीने रंगवलं."

"प्यायलात खरे. पण या तांब्यातून आपण तिघं पितो, बासिलिओ."

"पाला तर सगळेच पितात. ज्याला दुखतं त्यालाच लागू पडतो. वाटलं, गोळीचंही तसंच..."

बोलता बोलता त्यांची नजर मिर्नाकडे गेली. पेला तिच्या हातात होता आणि नळी ओठाशी. त्यांनी तो काढून घेतला आणि आंब्याच्या मुळाशी उपडा केला. 

"पोरीला पाजत होतो मी," ते म्हणाले. "रोज."

आम्ही तिघंही आरोग्य केंद्रात गेलो. माझं प्रेशर नव्वदवर, मिर्नाचंही कमीच, त्यांचं एकशे ऐंशी. डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी गोळी कुटून केळ्यात कालवायची आणि ती एकट्या बासिलिओंनीच खायची.

रविवारी मिर्ना खोडरबर घेऊन तक्त्यापुढे बसली.

"राहू दे ग," बासिलिओ म्हणाले. "हे बघून तुझी आई तुला घेऊन जाईल."

"चौकोन खोटे आहेत, आजोबा. आपण तिघं होतो ना, बाई? म्हणजे आजोबांना एक तृतीयांशच गोळी."

गोळीच्या ओळीतल्या सत्तावीसही चौकोनांतला दोन तृतीयांश रंग तिने खोडला. रंगीत पेन्सिल नीट निघेना. ओळ मळकट झाली, एका जागी कागद फाटला. मी मदतीला हात पुढे केला नाही. फोटो गेला आणि दहा मिनिटांत फोन वाजला. बासिलिओंनी तो स्वतः घेतला.

"हो, सेल्वा. सप्टेंबरपासून. नाही, पोरीला माहीत नव्हतं. लाज वाटत होती ग." मग ते नुसतेच ऐकत राहिले. शेवटी फोन मांडीवर ठेवून म्हणाले, "जूनपर्यंत पोरीला इथल्याच शाळेत ठेवायचं म्हणते. तक्ता असाच मळका पाठवत जा म्हणाली. जूनला येणार आहे, तेव्हा काय ते ठरेल."

सोमवारी दहाला त्यांनी चमचाभर केळं तोंडात घेतलं, मान खाली घालून गिळलं आणि थांबले. मिर्ना हिरवी पेन्सिल हातात धरून उभी होती.

"गेली," ते म्हणाले.

तिने त्यांना तोंड उघडून दाखवायला लावलं, मगच चौकोन रंगवला. बासिलिओंनी खल दोनदा धुतला, पाला कुटला आणि पहिला पेला माझ्या हातात दिला. मी तो प्यायले, परत केला, आणि आभार मानले नाहीत.