डिंकताईचं पान

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे डिंकताई म्हणत. आताशा कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तिलाच क्षणभर इकडेतिकडे बघावं लागे. बावीस वर्षं ती फाटलेली पुस्तकं सांधत होती. सुटलेली पानं, मोडलेल्या पाठी, कुणाच्या बाळाने चघळलेले कोपरे, सगळं तिच्याकडे यायचं. तिच्या हाताखालून गेलेलं पुस्तक निदान दहा वर्षं तरी परत येत नसे. या गोष्टीची तिला ऐट होती, आणि ती रास्तच होती.

पण या बावीस वर्षांत तिने एकही पुस्तक वाचलं नव्हतं. लहानपणी वाचायची, तेही अधाशासारखी. आईच्या हातचे तिने खाल्लेले सगळे धपाटे पुस्तकापायी होते. मग शाळा सुटली, लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी लागली, आणि या सगळ्यात वाचन नेमकं कधी सुटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. मधे दोनदा तिने प्रयत्न केला. दीड पान झालं की डोळा लागे. नवरा म्हणे, "हिला झोपेची गोळी नको, पुस्तक द्या!" तीही हसे. कुणी विचारलंच तर म्हणे, "मी पुस्तकं दुरुस्त करते हो, वाचत नाही." हे ती इतक्यांदा बोलली होती की तिला ते खरंच वाटायला लागलं होतं.

शिवाय कामाचा नियमही तिच्या सोयीचा होता. ज्या म्हाताऱ्या बाइंडरने तिला काम शिकवलं, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फाटलं तेवढंच बघायचं. वाचायला लागलीस तर हात थांबेल, आणि खळ कुणासाठी थांबत नाही."

हा नियम मोडला तो घड्याळवाल्या काकांच्या पुस्तकामुळे. काकांचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी वाचलेली एक जाडजूड कादंबरी त्यांना पुन्हा वाचायची होती. छपाई केव्हाच बंद झालेली, वाचनालयात एकुलती एक प्रत, आणि तिची पाठ मोडून तीसचाळीस पानं फाटलेली. दर शनिवारी काका देवघेवीच्या खिडकीशी येऊन विचारत, "आमचा पेशंट सुटला का हो दवाखान्यातून?" चार महिने त्यांनी हा विनोद न कंटाळता केला.

शेवटी पुस्तक टेबलावर आलं. एक पान मधोमध तिरकं फाटलं होतं. फाटलेल्या ओळीची दोन टोकं जुळवायची तर ओळ वाचावीच लागते. ओळ होती: 'पत्र उघडलं तर वाचावं लागेल, आणि वाचलं तर माफ करावं लागेल, असं म्हणून नावाडणीने ते पुन्हा पेटीत टाकलं.' डिंकताईने पान सांधलं, खळ वाळत ठेवली. मग खोलीत कुणी नाही असं बघून तिने पहिलं पान काढलं.

पहिल्या दिवशी तीन पानं झाली. मन सारखं पळायचं. गॅस बंद केला का, मुलीची फी, दूधवाला. तिने ओळीखाली लोखंडी पट्टी धरली आणि पट्टीच्या वर बघायचं नाही असं ठरवलं. एक पान वाळायला वीस मिनिटं लागत, तेवढीच तिची वाचायची वेळ. पुढे पाच पानं झाली, मग नऊ. एका दुपारी जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी तिला पत्ता नव्हता. डबा तसाच होता. भूक सपाटून लागली होती, पण मनातून ती अशी खूश झाली की उरलेला दिवस उगाचच हसत काम करत राहिली.

आणि मग ते पत्राचं पान आलं, नुकतंच सांधलेलं, खळ अजून ओली. भांडून गेलेल्या भावाचं पत्र नावाडीण बारा वर्षांनी उघडते. पत्रात भांडणाचा शब्द नाही. सगळं पत्र होडीच्या तळातल्या एका भोकाबद्दल आहे. ते कसं बुजवायचं, कुठलं लाकूड घ्यायचं, आणि शेवटी एवढंच की, 'बुजलं की कळव, म्हणजे मी येतो.' ते भोक तिने केव्हाच बुजवलेलं असतं. कळवलेलं नसतं. डिंकताईने ते पान तीनदा वाचलं आणि ढसाढसा रडली.

तेवढ्यात दाराशी मोठ्या बाईंची चाहूल लागली. मोठ्या बाई म्हणजे ग्रंथपाल. डिंकताईने घाईघाईने पुस्तक मिटलं, पुस्तकं दाबायच्या लोखंडी शिकंज्यात घातलं आणि पेच आवळला.

ओल्या पानांमध्ये मेणकागद घालायचा असतो. नाहीतर पान पानाला चिकटतं. शिकाऊ मुलीसुद्धा दुसऱ्या दिवसानंतर ही चूक करत नाहीत.

सकाळी शिकंजा सोडला तेव्हा पत्राची दोन पानं मिळून एकच झाली होती. तिने ओलसर फडकं लावून बघितलं, वाफ देऊन बघितलं, जीव मुठीत धरून सुरीच्या पातीने सोडवून बघितलं. पानं सुटली, पण अक्षरं सालपटासारखी निघून आली. पत्राच्या जागी पांढरा, खरबरीत चट्टा उरला. असं पुस्तक वाचकाला देत नाहीत. त्यावर 'रद्द' असा शिक्का बसतो, आणि काकांना शनिवारी तेच सांगावं लागणार होतं.

लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. ती पुस्तक घेऊन थेट मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. "मेणकागद विसरले. वाचत होते."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "बावीस वर्षांत एक पुस्तक वाचायला घेतलंत, आणि नेमकं तेच चिकटवलंत?"

"हो."

"आता शिक्का मारण्यावाचून काही इलाज आहे का?"

"बाई, त्या पानांत काय होतं ते मला ठाऊक आहे," डिंकताई म्हणाली आणि स्वतःच चपापली. "शब्दन् शब्द नाही. पण काय काय झालं ते सगळं सांगता येईल. मी लिहून लावते. तिथे तसं स्पष्ट लिहीन, फसवणार नाही. फक्त मला पुढचं वाचून संपवू द्या. शेवट माहीत नसताना पत्र कसं लिहू?"

मोठ्या बाईंनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "घरी न्या. शुक्रवारपर्यंत."

घरी ती संध्याकाळभर खिडकीत बसून वाचत होती. नवऱ्याने दोनदा चहाची आठवण करून दिली. तिसऱ्यांदा ती मान वर न करता म्हणाली, "अहो, टाका की तुम्हीच. मलाही अर्धा कप." त्याने निमूटपणे टाकला. शेवटचं पान संपलं तेव्हा तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. जाडजूड, अख्खं पुस्तक, आणि ते तिने वाचलं होतं.

लिहिणं मात्र सोपं नव्हतं. पहिल्या कागदावर 'भावाने होडीची चौकशी केली आहे' असं उतरलं. ते तिला सरकारी पत्रासारखं वाटलं, तिने ते फाडलं. मग डोळे मिटून ती होडी आठवली, तळाला साचलेलं पाणी आठवलं, आणि हात चालू लागला. वर तिने लिहिलं, 'इथली दोन पानं माझ्या चुकीने गेली. त्यांत काय होतं ते मला आठवतं तसं सांगते.' कागद जागेवर चिकटवला, आणि या वेळी मेणकागद दोन घातले.

शनिवारी काका पुस्तक घेऊन गेले. दोन आठवड्यांनी परत आले आणि खिडकीशी म्हणाले, "पत्राची पानं कुणी लिहिली?"

मोठ्या बाईंनी मागे बोट केलं. डिंकताई हात पुसत पुढे आली. "मी. चूक माझीच, काका."

"तरुणपणी ते पत्र वाचून मी रडलो होतो," काका म्हणाले. "परवा पुन्हा रडलो. आणि डोळे पुसून बघतो, तर अक्षर हाताचं!" त्यांनी पुस्तक खिडकीवर ठेवलं. "वाचणाऱ्या माणसाचं काम आहे ताई, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. आता पुढचं काय वाचू ते तुम्हीच सांगा."

सवयीचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते तिथेच गिळलं. तिला अभिमान वाटत होता, आणि तो चेहऱ्यावर दिसतोय हेही कळत होतं. दिसू दे, असं तिने ठरवलं. "थांबा, आलेच," म्हणून ती मागच्या खोलीत गेली आणि एक पुस्तक घेऊन आली. काकांनी हात पुढे केला, पण तिने पुस्तक छातीशीच धरून ठेवलं.

"हे छान आहे," ती म्हणाली. "पण शनिवारी या. माझी अजून साठ पानं राहिलीत."