कुंकू लावलेला नकाशा

देवीच्या देवळासमोरच्या पटांगणात एक नारळ होता, जमिनीवर बसवलेले सात मजूर होते, एक हवालदार होता आणि अडीचशेच्या आसपास बघे. नारळावर शंका असलेली माणसं दोनच. एक हर्षला, जिल्हा पोलिसांकडे गुन्ह्यांच्या माहितीचं विश्लेषण करणारी. दुसरा नागू, सात मजुरांपैकी एक. नागूला बोलायची सोय नव्हती; सातांत डोंगरातल्या वाडीवरचा तो एकटाच.

फार्महाउसांवरचे पाण्याचे पंप चोरीला जात होते. चोर शोधायला गावानं चांगोबुवांना बोलावलं होतं. बुवांनी नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि ते एकेका मजुरासमोरून चालू लागले.

"आईला सीसीटीव्ही लागत नाय! आईची लाइट कधी जात नाय! बोल आई, कोण?"

नागूसमोर नारळ ताडकन उभा राहिला. गर्दीनं श्वास आत ओढला.

"परत वाडीच!" कुणीतरी ओरडलं.

"देव सांगतो तेच कॉम्प्युटरपण सांगतो," किशोर हवालदारांनी कागद उंच धरला. "हा नकाशा म्याडमनीच काढलाय. बघा, वाडी लालभडक!"

नकाशा हर्षलाचाच होता. वाडीवर लाल ठिपक्यांचा गठ्ठा, आणि कागदाच्या खालच्या कडेला बुवांनी फासलेलं कुंकू. मागे गर्दी, पुढे बुवा. जीप पार रस्त्यापलीकडे. नारळाला ती खोटं पाडू शकत होती. पण नागूभोवती आवळलेल्या फासाचा दुसरा पदर तिच्याच हातचा होता.

नागूची बायको भागी गर्दीतून पुढे आली. "ताई, तुमच्या कागदात माझ्या घरवाल्याचं नाव हाय?"

"नाव नाही."

"मग आमचं घर कसं हाय?"

हर्षलानं आधी नारळ निकालात काढायचं ठरवलं. ती बुवांकडे वळली. "बुवा, आईला डोळे लागतात का?"

"आईला कशाला लागतील?"

"मग तुमचे बांधू या."

"देवाची परीक्षा घेता?" बुवा गरजले.

"देवाची कुठे? तुमच्या हाताची."

"बांधा की बुवा! घाबरता काय?" मागून एक म्हातारी म्हणाली आणि लोक हसले. आता बुवांनाही मागे सरता येईना.

डोळ्यांवर उपरणं बांधलं. मजुरांनी गुपचूप जागा बदलल्या. पहिल्या फेरीत नारळ उठला तो तुळशीवृंदावनासमोर. दुसऱ्या फेरीत एका मजुरानं सोडलेल्या रिकाम्या जागेसमोर. तिसऱ्या फेरीत थेट किशोर हवालदारांसमोर.

"हवालदार, पंप कुठं ठेवलेत वो?" म्हातारीनं विचारलं. पटांगण खदखदून हसलं.

हर्षलानं तोच नारळ स्वतःच्या तळहातावर ठेवला. "हात किंचित कलला की नारळ उठतो. कुणासमोर कलवायचा, हे बुवांना डोळे उघडे असताना ठाऊक असतं." तिनं हात कलवला. नारळ उभा राहिला.

बुवांनी उपरणं सोडलं आणि ते खाली बघत राहिले. पण हवालदार अडून बसले. "नारळ जाऊ दे. तुमचा नकाशा खोटा आहे का?"

"खोटा नाही. तुम्ही तो चुकीचा वाचला." तिनं ओढणीनं कुंकू पुसलं. खाली छापलेलं होतं: चौकशी केलेल्यांचे पत्ते. "हे ठिपके चोरांचे नाहीत, चोरीच्या जागांचेही नाहीत. ज्यांना ज्यांना तुम्ही चौकशीला नेलं, त्यांच्या घरांचे आहेत. वाडीवर कशाला गेलात?"

हवालदारांनी बुवांकडे पाहिलं.

"सांगा ना."

"बुवा म्हणाले म्हणून."

"म्हणजे बुवांनी बोट दाखवलं, तुम्ही माणसं उचललीत, त्यांचे पत्ते माझ्याकडे आले, नकाशा लाल झाला. आणि आज तोच लाल रंग बुवांचा साक्षीदार. एकाचाच आवाज दोन तोंडांतून आला. वाडीवर एक तरी पंप सापडला?"

"नाय सापडला."

ती गर्दीकडे वळली. "नारळ असो की कॉम्प्युटर, हात जोडायच्या आधी एवढंच विचारत जा: तुला हे कुणी सांगितलं? उत्तर मिळेपर्यंत कुणाच्या दाराशी जाऊ नका."

भागीनं नागूचा दंड धरून त्याला उठवलं. हवालदारांनी अडवलं नाही. गर्दीनं वाट दिली, जेमतेम एका माणसापुरती.

हर्षलानं तिथंच मोबाइलवर दुसरा नकाशा काढला आणि या वेळी ठिपके टाकले ते चोरीच्या जागांवर. एकोणीस चोऱ्यांपैकी सतरांचे ठिपके खोपोलीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत पडले, गाडी थांबवून पंप उचलायला सोयीच्या जागी. वाडीला सर्वांत जवळचा ठिपका सहा किलोमीटरवर होता.