बिनविरोध

"अभिनंदन! तुमचा पहिला नंबर आला," सेक्रेटरी म्हणाला आणि त्याने ट्रॉफी पुढे केली.

बसबाईंच्या एका पायात नाचाचा बूट होता आणि दुसरा अजून हातात होता. हॉलमध्ये लहान मुलांचा गट नाचत होता, आणि पन्नाशीपुढच्या जोड्यांचा वॉल्ट्झ नाच सुरू व्हायला तासभर तरी अवकाश होता. त्यांनी आधी ट्रॉफीकडे पाहिलं, मग सेक्रेटरीकडे.

"न नाचताच?"

"तुमच्या गटात तुमची एकच जोडी आहे हो. म्हणजे बिनविरोध! कार्यक्रम आधीच दोन तास मागे चाललाय. ही घ्या, फोटो काढू, आणि तुम्ही निवांत घरी जा. शेवटी काय, सगळ्यांना मजा आली पाहिजे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं शाळेची बस चालवून त्यांचं नाव बसबाई पडलं होतं, आणि त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की मागच्या सीटवरचा पोरगाही डबा झाकून सरळ बसायचा. तो आवाज त्यांनी काढला.

"मजा? मजा कशात असते ते तुम्ही मला सांगणार? सहा महिने आम्ही जेवणाचं टेबल भिंतीला लावून घरात घिरट्या घालतोय. या झग्याचा एकेक खडा मी हाताने शिवलाय. नाचायला आलेय मी. फ्लोअरवर चार जोड्या पाहिजेत, कुणाचं तरी कोपर बरगडीत बसायला पाहिजे, कोपऱ्यावर वळताना पुढे कोण घुसतंय म्हणून छाती धडधडायला पाहिजे. एकटीने गोल फिरायचं तर मी घरीच फिरले असते. तुमची ही बरणी ठेवा तुमच्याकडे!"

सेक्रेटरी ट्रॉफी खुर्चीवर ठेवून सटकला. असली माणसं सटकण्यात मोठी पटाईत असतात. लाऊडस्पीकरवरून 'आनंदासाठी स्पर्धा' असं दिवसभर ओरडायचं, आणि स्पर्धाच खाऊन टाकायची.

बाईंना आजचं नाचणं का हवं होतं, तेही सांगितलं पाहिजे. येत्या गुरुवारी त्यांच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. नंतर तो चालेल, जिना चढेल, असं सर्जन म्हणाला होता. नाचेल का, असं विचारल्यावर मात्र त्याने नुसते खांदे उडवले होते. आठ वर्षं हे दोघं या स्पर्धेत उतरत होते आणि आठही वर्षं दुसरे येत होते. पहिले यायचे ते दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. त्या दोघांशी आज शेवटचं, सरळ भिडायचं होतं. हरलो तर हरलो, पण भिडायचं.

आणि नेमके तेच दोघं समोर प्रेक्षकांत बसलेले त्यांना दिसले. अंगात साधा स्वेटर, मांडीवर नातीचं दप्तर.

बाई एक बूट हातात घेऊनच तिथे पोचल्या. "तुम्ही नाव का नाही दिलं?"

"दिलं होतं की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गेल्या आठवड्यात फोन आला, गट रद्द झाला म्हणून. आम्ही आज नातीसाठी आलोय. तुम्हाला नाही आला फोन?"

"नाही."

"सगळ्यांना केला म्हणाले."

बाई हळूहळू मागे वळल्या. नवरा भिंतीपाशी उभा राहून चष्म्याची काच पुसत होता. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाची काच मुळात स्वच्छच असते. खोटं बोलायची वेळ आली की हा गृहस्थ ती पुसत बसतो, हे तीस वर्षांच्या संसारात बाईंना पाठ झालं होतं.

"अहो, फोन आला होता?"

"अगं, ऐक ना..."

"आला होता का नव्हता?"

"आला होता." तो खालच्या आवाजात म्हणाला. "मीच त्यांना म्हटलं, बाकीचे नसले तरी आमचं नाव राहू द्या. एकच जोडी असली तर पहिला नंबर द्यावाच लागतो, नियमच आहे तसा. म्हटलं, एकदा तरी..."

"म्हणजे ही बरणी तुम्ही मागून घेतलीत? माझ्यासाठी?"

"मग काय करू?" नवऱ्याचा आवाज एकदम चढला. तो कधी चढत नसे, त्यामुळे मध्येच चिरकला. "आठ वर्षं तू दुसरी येतेस ती माझ्या या पायामुळे! तुला काय वाटतं, मला कळत नाही? तू कुणाही धडधाकट माणसाबरोबर नाचली असतीस तर केव्हाच पहिली आली असतीस. गुरुवारनंतर तेही संपलं. मला लाज वाटते, कळलं? लाज वाटते!"

बाईंना त्याला मिठी मारावीशी वाटली आणि हातातला बूटही फेकून मारावासा वाटला. दोन्हीतलं काहीच त्यांनी केलं नाही. पण संताप असा उसळला होता की तो कुठे तरी ओतायलाच हवा होता. त्या पुन्हा डॉक्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"उठा. नाचायचंय."

"अहो, असं कसं? कपडे नाहीत, सराव नाही," डॉक्टर म्हणाले.

"बूट गाडीत आहेत तुमचे. नाही म्हणू नका, माझेही कायम बसमध्येच असतात. गुरुवारी आमच्या यांचा गुडघा कापणार आहेत. पुढे ते नाचतील का, हे कुणालाच माहीत नाही. तुम्ही आज नाचला नाहीत तर त्यांच्या नशिबी ही भिकेची ट्रॉफी येईल. उठा!"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून भिंतीजवळच्या माणसाकडे पाहिलं आणि ते गाडीकडे गेले.

लहान मुलांचा गट संपला तशा बाई फ्लोअरच्या बरोबर मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. सेक्रेटरी धावत आला. वेळापत्रक, पुढचा गट, पालकांच्या तक्रारी, सगळं त्याने ऐकवलं. बाई ढिम्म हलल्या नाहीत. "दोन जोड्या आल्यात. गट भरला. वाजवा," एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेवटी परीक्षकांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "दीड मिनिटाचा तर नाच आहे," त्या सेक्रेटरीला म्हणाल्या. "तुमच्या भांडणात दहा मिनिटं गेली. लावा संगीत."

वॉल्ट्झ सुरू झाला.

या नाचात पुरुष पुढे बघून चालतो आणि बाई मागे मागे जाते. त्यामुळे नवऱ्याच्या पाठीमागे काय चाललंय ते फक्त बायकोला दिसतं, बसच्या आरशात दिसावं तसं. बाईंना डॉक्टरांची जोडी दिसत होती. स्वेटर घालूनही ते दोघं असे तरंगत येत होते की बाईंनी मनातल्या मनात त्यांना एक कचकचीत शिवी दिली, आणि त्यांना फार बरं वाटलं. हीच तर मजा होती! कानशिलं तापली होती, पाठ ताठ झाली होती, आणि रागावलेला नवराही आज खांदे न पाडता नाचत होता. पहिला कोपरा त्यांनी झकास घेतला. दुसऱ्या कोपऱ्यावर डॉक्टर आतून घुसू लागले, बाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर बोट दाबलं, आणि त्याने ती वाट अशी बंद केली की गॅलरीत कुणी तरी शीळ घातली.

तिसऱ्या कोपऱ्यावर गुडघा मुडपला.

एकच ठेका चुकला. बाईंनी नवऱ्याला दंडाने उचलून धरलं आणि तो पुन्हा तालात आला. पण मागे डॉक्टरांनी ते पाहिलं होतं. बाईंनी त्यांना पाहताना पाहिलं. डॉक्टरांनी बायकोच्या कानात काही तरी सांगितलेलंही पाहिलं. आणि मग शेवटच्या लांब बाजूला, बरोबर परीक्षकांच्या समोर, आठ वर्षांत ज्यांचा ताल एकदाही सुटला नव्हता ते डॉक्टर पायात पाय अडकल्यासारखे थांबले. दोन ठेके ते तसेच उभे राहिले, अगदी नवशिक्यासारखे. मग नसलेली चूक सावरत पुढे आले.

मी सांगितलं म्हणून, बाईंच्या डोक्यात आलं. गुरुवार, गुडघा, सगळं मीच या तोंडाने ओकले.

निकाल लगेच लागला. सेक्रेटरीने मघाची तीच ट्रॉफी खुर्चीवरून उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याचे डोळे भरून आले. "जिंकलो गं," तो म्हणाला. "नाचून जिंकलो!"

डॉक्टरीणबाई हात मिळवायला आल्या. बाईंनी तो हात असा आवळला की त्यांच्या अंगठ्या बोटांत रुतल्या.

"मी पाहिलं," बाई दातओठ खात म्हणाल्या. "चांगलं पाहिलं मी."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. हात सोडवून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

"काय पाहिलंस गं?" नवऱ्याने विचारलं. ट्रॉफी त्याने छातीशी धरली होती आणि चष्मा खाली घसरला होता, पण तो पुसायची त्याला आठवणही नव्हती.

बाईंच्या जिभेवर सगळं आलं होतं. बावीस वर्षांत त्यांनी आलेला शब्द कधी गिळला नव्हता. आता गिळला.

"यांची चूक पाहिली," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांची. शेवटच्या बाजूला ताल सोडला त्यांनी. भलतीच मोठी चूक."

"खरंच?" नवरा खुलला. "मला पाठीमागचं कुठलं दिसायला! डॉक्टर, तुम्हाला सांगतो, तुम्ही कोपऱ्यातून बाहेर पडताना घाई करता. फार वर्षांची सवय आहे तुमची ती. असं बघा..."

आणि दुखऱ्या पायावर भार देऊन, ट्रॉफी काखेत धरून, तो डॉक्टरांना वळण कसं घ्यायचं ते करून दाखवू लागला. डॉक्टर मान खाली घालून नीट बघत होते. बाई शेजारी उभ्या राहून एकेक शब्द ऐकत होत्या आणि मान डोलावत होत्या.